ईस्टरची अंडी, कार्डं आणि टरफलातला गहू: पोरांकडून घरच्या सामानात करून घेताना आधी काय, मग काय

ईस्टरच्या आदल्या रात्री साडेआठपासून माझा फोन वाजायला लागतो. "बाई, अंड्याले रंगच चढत नाही." "फुग्यावरचा कागद अजून ओलाच आहे, आता कसं करू?" "गहू आज पेरला तर सकाळपर्यंत उगवंल का?" सगळ्यांना मी एकच सांगते, आता काही होत नाही. चूक त्या रात्रीची नसतेच, आठ दिवसांपूर्वीची असते.

अमरावती जिल्ह्यातल्या एका गावात मी शब्बाथशाळेचा (संडे स्कूलचा) वर्ग घेते. पंधरा-वीस पोट्टे येतात, त्यातले निम्मे शेजारपाजारचे. सामान विकत आणायचं नाही, घरात आहे त्यातच भागवायचं, हा आमचा नियम. मोबाइलवरचे व्हिडिओ पाहून करायला गेलं की फसतं, कारण ते थंड मुलखातले. तिकडे ईस्टर म्हणजे स्वेटर घालायचे दिवस. आपल्याकडे अकोला, चंद्रपूरचा पारा तेव्हा चाळिशीवर टेकलेला असतो. तिकडे जे उन्हात वाळवतात ते आपण सावलीत वाळवायचं, आणि तिकडे जे रात्रभर ओट्यावर ठेवतात ते आपण तासाभरात आवरायचं. बाकी सगळं यातूनच निघतं.

चार वस्तू सांगते: टरफलात उगवलेला गहू, फुग्यावरचं मोठं कागदी अंडं, हळदीच्या कागदाचं कार्ड आणि पानांच्या नक्षीची रंगीत अंडी. खालच्या वेळापत्रकाप्रमाणेच करा. अंडी सगळ्यांना पहिली हवी असतात, पण ती सगळ्यात शेवटी करायची.

आधी कॅलेंडर

ईस्टरची तारीख दरवर्षी बदलते. २२ मार्च ते २५ एप्रिल यांमधल्या एखाद्या रविवारी तो येतो. २०२६ मध्ये ५ एप्रिल, २०२७ मध्ये २८ मार्च, २०२८ मध्ये १६ एप्रिल. मार्चअखेर आला तर पळसाची फुलं हाताशी असतात. एप्रिलच्या मध्यात आला तर ती आधीच वेचून, वाळवून डब्यात ठेवावी लागतात.

वेळापत्रक असं:

दोन आठवडे आधी: सामान साठवायला सुरुवात.
झावळ्यांच्या रविवारच्या (ईस्टरच्या आधीच्या रविवारच्या) आदला शनिवार: कागदी अंड्याचे पहिले दोन थर. रात्री गहू भिजत.
झावळ्यांचा रविवार, म्हणजे पाम संडे: गहू पेरायचा.
सोमवार ते बुधवार: कागदी अंड्याचे पुढचे थर, वाळवण, रंग.
बुधवार किंवा गुरुवार: कार्ड.
गुड फ्रायडे: काही नाही. तीन तासांची उपासना असते, पोरंही दमतात. गव्हाला पाणी तेवढं घाला.
शनिवार: अंडी.

काय साठवायचं

कांद्याची सालपटं. लाल कांद्याची, वरची, कोरडी, कागदासारखी. लिटरभर रंगाला १०-१२ कांद्यांची लागतात, म्हणजे एका घरातून एका दिवसात जमत नाहीत. पिशवी टांगून ठेवा, येता-जाता टाकत राहा. ओलं सालपट पिशवीत गेलं तर बुरशी धरतं.

अंड्याची टरफलं. भुर्जी करताना अंडं मधोमध न फोडता चमच्याने वरच्या टोकाला टिचकी मारून झाकणाएवढाच भाग काढा. खालची वाटी राहते ती धुऊन ठेवा. किराणा दुकानातून अंड्यांचा पुठ्ठ्याचा ट्रे मागून आणा.

जुनी वर्तमानपत्रं, संपलेल्या वह्यांची कोरी पानं, फळ्याजवळचे खडूचे तुकडे, जुन्या ओढणीचं पातळ कापड, शिवायचा दोरा. हळद, मैदा, लिंबं आणि कपड्याच्या साबणाची वडी घरात असतेच. गेरू आणि नीळ मिळाली तर बरं.

पहिला टप्पा: टरफलातला गहू

१. टरफलं उकळत्या पाण्यात पाच मिनिटं ठेवून काढा. हे टाळलं तर आतल्या पापुद्र्याला दोन दिवसांत वास सुटतो आणि मुंग्यांची रांग लागते.

२. प्रत्येक टरफलाच्या बुडाला दाभणाने एक भोक पाडा. घडी घातलेल्या फडक्यावर टरफल टेकवून आतून बाहेर टोचा. बाहेरून दाबलं की तडकतं. दाभण मोठ्यांच्याच हातात.

३. मातीकडे लक्ष द्या, बहुतेकांचं इथेच बिघडतं. शेतातली काळी माती नुसती भरू नका. ती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते, आणि तेवढ्या जोराने टरफल उभं चिरतं. निम्मी काळी माती, निम्म्यात चाळलेली रेती आणि मुरलेलं शेणखत. मूठ वळली पाहिजे आणि बोटाने टोचताच सुटली पाहिजे. टरफल पाऊणच भरा.

४. रात्रभर भिजवलेले १२-१५ दाणे वर पसरून त्यांच्यावर बोटाच्या पेराच्या निम्म्याएवढा मातीचा थर द्या. चमच्याने पाणी घाला, ओतू नका.

सावधान: गहू खायच्या पोत्यातला घ्या, पेरणीच्या पिशवीतला नाही. पेरणीच्या बियाण्याला औषध चोळलेलं असतं, बहुधा लाल-गुलाबी रंगाचं. ते पोरांच्या हाती देऊ नका.

५. ट्रे कुठे ठेवायचा? नवरात्रातला घट आठवा. तो देवघराच्या गारव्यात असतो, अंगणात नाही. आमच्याकडे माठाच्या तिवईशेजारी ठेवतात, तिथली हवा ओलसर असते. पहिले दोन दिवस वरून ओलं फडकं. मंगळवारी फडकं काढा, ट्रे खिडकीपाशी सरकवा. थेट ऊन नको. पाणी सकाळ-संध्याकाळ एकेक चमचा.

तपासा: मंगळवारी संध्याकाळी पांढरी टोकं दिसली पाहिजेत. दिसली नाहीत तर वाट पाहू नका, त्याच टरफलात अळीव किंवा मोहरी टाका. दोन-तीन दिवसांत फुटते, रविवारपर्यंत हिरवी मखमल तयार.

रोपं खिडकीकडे झुकतात, म्हणून ट्रे रोज फिरवा. टरफलावर डोळे-तोंड काढायचं असेल तर ते माती भरण्याआधी. ओल्या टरफलावर स्केचपेन पसरतं, आणि हसऱ्या तोंडाची मिशी होते.

दुसरा टप्पा: फुग्यावरचं कागदी अंडं

ज्या पोरांच्या घरी अंडं चालत नाही त्यांच्यासाठी मी हे सुरू केलं. आता सगळ्यांनाच हेच हवं असतं, कारण आत काहीतरी लपवता येतं.

पहिल्या वर्षी बारा फुगे कागद लावून अंगणातल्या तारेवर टांगले आणि आम्ही जेवायला बसलो. एक वाजता फाट् असा आवाज, मागून दुसरा. "बाई, माहा फुगा फुटला!" बाहेर आले तर तारेवर ओल्या कागदाच्या सुरकुतलेल्या पिशव्या लटकत होत्या. उन्हाने फुग्यातली हवा फुगते, वरचा कागद ओला असल्याने धरत नाही. जे फुटले नाहीत त्यांच्यावर बारीक चिरा पडल्या. बारातले तीन वाचले.

१. खळ. एक वाटी मैदा एक वाटी गार पाण्यात गुठळी न ठेवता कालवा. गंजात (पातेल्यात) चार वाट्या पाणी उकळू द्या, त्यात हे मिश्रण ओता आणि ढवळत राहा. दोन-तीन मिनिटांत पांढरेपणा जाऊन काचेसारखी चमक येते, तेव्हा उतरवा. चमक यायच्या आत उतरवलेली खळ वाळल्यावर पिठासारखी झडते. तांदळाच्या कण्यांची घट्ट पेजही चालते. ज्वारीच्या पिठाची खळ मात्र तेवढी धरत नाही.

सावधान: किडे लागू नयेत म्हणून जुने लोक खळीत मोरचूद टाकायचे. ते विष आहे. पोरांच्या कामात नको. त्यापेक्षा लागेल तेवढीच खळ करा आणि त्याच दिवशी संपवा. उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशी ती आंबतेच.

२. फुगा पूर्ण फुगवू नका, पाऊण भरू द्या. पाऊण भरलेल्याचाच आकार अंड्याचा येतो, गच्च भरलेला गोल किंवा लांबट होतो. वरून तेलाचं बोट फिरवा म्हणजे शेवटी सहज सुटतो. वाटीच्या कडेवर बसवला की गडगडत नाही.

३. कागद फाडा, कापू नका. फाटलेली कड बारीक होत जाते आणि बसते. कापलेली कड उभी राहते. पट्ट्या दोन बोटं रुंद, वीतभर लांब.

४. पट्टी खळीत बुडवा, दोन बोटांच्या चिमटीतून ओढून जास्तीची खळ निथळू द्या, मग लावा. पोरांची सर्वांत मोठी चूक हीच, ठिबकणारी पट्टी लावणं. तिला वाळायला दुप्पट वेळ लागतो. गाठीभोवती रुपयाएवढी जागा उघडी ठेवा.

५. एका बैठकीत दोनच थर. पहिला उभा, दुसरा आडवा, म्हणजे कुठे सुटलं ते दिसतं. दोन थर पूर्ण वाळले की पुढचे दोन. त्यातला शेवटचा थर वहीच्या कोऱ्या पानांचा, नाहीतर रंगाखालून बातम्या वाचता येतात.

वाळवायचं कुठे? ऊन नको हे वर आलंच. कूलरच्या खोलीतही नको. दरवर्षी कोणीतरी पंख्यासारखा समजून कूलरसमोर ठेवतं. कूलरची हवा गार असते पण ओली असते, त्यात दोन दिवसांनीही कागद लिबलिबीत राहतो आणि काळे ठिपके धरतो. ओसरीवर, वारा खेळता असेल अशा सावलीत दोऱ्याने टांगा. आपल्या कोरड्या हवेत दोन थर एका दिवसात वाळतात.

तपासा: अंडं गालाला लावा. गार लागलं तर आत ओल आहे. टिचकी मारा, वाळलेलं टकटक वाजतं, ओलं दबकं. दोन्ही जमेपर्यंत पुढचा थर नाही.

६. चौथा थर वाळला की गाठीजवळ फुगा चिमटीत धरून कात्रीच्या टोकाने अगदी बारीक छेद द्या. हवा हळूहळू जाऊ द्या. टाचणीने फोडला तर फुगा झटक्यात आक्रसतो आणि कागदाला आत ओढून खळगा पाडतो.

सावधान: फुग्याचे तुकडे मोजून उचला. लहान पोरं ते तोंडात घालतात, आणि घशात चिकटलेला रबराचा तुकडा निघत नाही. आठ वर्षांखालच्या पोरांना फुगा स्वतः फुगवू देऊ नका.

७. अस्तर आणि रंग. खडू कुटून वस्त्रगाळ पूड करा, पातळ खळीत कालवा आणि एक हात द्या. पांढरं गुळगुळीत अस्तर मिळतं. त्यावर गेरू, हळद, नीळ. घर पोतून उरलेला चुना अस्तराला वापरायचा मोह होतो. एक तर तो पोरांच्या डोळ्यात गेला तर डोळा भाजतो. दुसरं म्हणजे चुन्यावर हळद लावली की ती पिवळी राहत नाही, लाल होते. कुंकू त्याच रीतीने करतात. पिवळं अंडं हवं असेल तर खडूच.

आत काय भरायचं? चॉकलेट नको. एप्रिलच्या दुपारी ते कागदाला लागून चिखल होतं. फुटाणे, रेवड्या, शेंगदाण्याची चिक्की कागदात गुंडाळून. भोक वहीच्या कागदाने बंद करा. अंडं शनिवारी रात्रीच भरा. आधी भरून ठेवलेली दोन अंडी आमच्याकडे उंदरांनी उघडली होती, आणि खळीचा कागद त्यांना चिक्कीइतकाच आवडला असं दिसत होतं.

तिसरा टप्पा: हळदीच्या कागदाचं कार्ड

पांढऱ्या सदऱ्यावर वरण सांडतं, आई साबण लावते आणि पिवळा डाग लालभडक होतो. ते सगळ्यांनी पाहिलंय. इथे तोच डाग मुद्दाम पाडायचा. हळदीतला रंग साबण, सोडा, चुना यांसारख्या क्षारात लाल होतो आणि लिंबाच्या आंबटाने परत पिवळा.

१. कागद निवडा. त्यावर पाण्याचा थेंब टाका. मुरला तर घ्या, मण्यासारखा उभा राहिला तर नको. म्हणून चकचकीत लग्नपत्रिका चालत नाही. चित्रकलेच्या वहीचं पान, जुन्या फायलीचा पुठ्ठा, खडबडीत पत्रिकेची कोरी बाजू चालते.

२. एक मोठा चमचा हळद वाटीभर पाण्यात पाच मिनिटं उकळा, निवल्यावर पातळ फडक्यातून दोनदा गाळा. गाळलं नाही तर कागदावर हळदीचे कण राहतात आणि नंतर प्रत्येक कणाभोवती लाल ठिपका उठतो. कापसाच्या बोळ्याने कागदभर लावा, सावलीत वाळवा, पुन्हा एक हात द्या. उन्हात हळदीचा रंग उडतो, दोन तासांत फरक दिसतो.

३. कपड्याच्या साबणाची वडी दोन चमचे पाण्यात घासून दुधासारखं पाणी करा. अंगाचा साबण सौम्य असतो, त्याने नेहमी जमेलच असं नाही. काडीला थोडा कापूस गुंडाळा, बुडवा, काठाला निथळा आणि काढा: क्रूस, उगवता सूर्य, उघडी कबर, पक्षी. रेघ ओढताच लाल उमटते, आणि वर्गात तेव्हा जो गलका होतो तो शेजारच्या घरात ऐकू जातो.

४. चुकलं तर लिंबाच्या रसात बुडवलेली दुसरी काडी. लाल पुसून पिवळं. दोन्ही काड्या वेगळ्या ठेवा. एकाच वाटीत बुडाल्या की साबण आणि लिंबू एकमेकांना मारतात आणि काहीच उमटत नाही.

तपासा: लाल रंग वाळताना थोडा तपकिरी होतो आणि हळूहळू फिकटतो. म्हणून वाळल्यावर कडेने पेनाची रेघ द्या. कार्ड बुधवारच्या आधी करू नका.

पळसाची फुलं असतील तर हळदीऐवजी त्यांचं उकळलेलं पाणी लावा. रंग मऊ येतो. चिमूटभर धुण्याचा सोडा टाकला की केशरी गडद होतो, पण सोडा टाकताना चमचा पोरांच्या हाती नको.

चौथा टप्पा: पानांच्या नक्षीची अंडी

सुरू करण्याआधी एक ठरवा: अंडी खायची की ठेवायची? खायची असतील तर उकडायची आणि लवकर संपवायची. ठेवायची असतील तर आतलं काढून पोकळ टरफल रंगवायचं. अंडी उकडून, रंगवून आठवडाभर शोकेसमध्ये ठेवायची हा मधला मार्ग आपल्या उन्हाळ्यात नाही. एकाने ठेवलं होतं. दहा दिवसांनी कपाट उघडवेना.

उकडलेलं अंडं ३२ अंशांच्या वर तापमान असेल तर तासाभरापेक्षा जास्त बाहेर ठेवू नये. फ्रिजमध्ये आठवडाभर राहतं. म्हणजे ज्यांच्याकडे फ्रिज आहे त्यांनी शनिवारी संध्याकाळी करावीत. ज्यांच्याकडे नाही, किंवा लोडशेडिंगचा भरवसा नाही, त्यांनी शनिवारी रंगाचं पाणी आणि पानं तयार ठेवावीत आणि रविवारी पहाटेची उपासना आटोपली की उकडावीत. पोरांसमोर गंजातून अंडं बाहेर निघतं, ते उलट जास्त रंगतं.

१. अंडी तपासा. पाण्यात सोडा. आडवं बसलं तर ताजं, उभं राहिलं तर जुनं पण चालेल, तरंगलं तर फेका. पांढऱ्या फार्मच्या अंड्यावर रंग उठतो. गावरानी अंडं मुळात बदामी, त्यावर नक्षी कमी उठून दिसते, चव मात्र त्याचीच.

२. अंडी कोमट पाण्याने धुवा, मग लिंबाच्या रसात किंवा व्हिनेगरमध्ये बुडवलेल्या फडक्याने पुसा. रंग न चढण्याचं सर्वांत मोठं कारण इथे आहे, ते म्हणजे तेल. पोरं डोक्याला खोबरेल तेल चोपडून येतात, तोच हात अंड्याला लावतात. उकडून काढल्यावर अंड्यावर चार बोटांचे स्वच्छ पांढरे ठसे निघतात, अगदी रेघांसकट. आधी सगळ्यांना साबणाने हात धुवायला लावा. पुसलेलं अंडं टोकांना धरायचं.

३. रंग. स्टीलच्या गंजात दोन लिटर पाणी, २०-२४ कांद्यांची सालपटं. अर्धा-पाऊण तास मंद उकळा. पाणी काळ्या चहासारखं झालं पाहिजे. गाळा, पूर्ण निवू द्या, मग ६-८ मोठे चमचे व्हिनेगर किंवा तेवढाच लिंबाचा रस घाला. एवढ्यात डझनभर अंडी होतात.

सावधान: लोखंडी कढई नको. कांद्याच्या सालीतला रंग लोखंडाला भेटला की काळपट-हिरवा होतो. मी एकदा घाईत वापरली, सगळी अंडी शेवाळलेल्या दगडासारखी निघाली. ॲल्युमिनियमही नको, आंबटाने ते खराब होतं. व्हिनेगर वाढवल्याने रंग वाढत नाही. टरफल चुनखडीचं असतं, आंबट जास्त झालं की बुडबुडे येऊन ते विरघळायला लागतं आणि रंग डागाळतो.

४. पान. सपाट, मऊ, लहान. सांबाराचं, म्हणजे कोथिंबिरीचं, पान सर्वांत सुंदर उमटतं. मेथीचं तिहेरी पान, चिंचेचा पाला, गाजराचा पाला हेही चांगले. जाड शिरांचं पान चिकटत नाही. पान पाण्यात भिजवून अंड्यावर ठेवा, बोटाने कडा दाबा.

सावधान: "पानं आणा" म्हटलं की पोरं बांधावरची आणतात. कण्हेर, धोतरा, रुई, बेशरम यांपैकी एकही खायच्या अंड्याला लावायचं नाही, ती विषारी आहेत. रुईचा चीक डोळ्यात गेला तर दवाखाना गाठावा लागतो. पानं स्वयंपाकघरातलीच.

५. ओढणीच्या कापडाचा वीतभर चौकोन घ्या, पान खाली येईल असं अंडं मधोमध ठेवा, मागून कापड पिळून दोऱ्याने घट्ट बांधा. कापड पांढरं किंवा रंग न जाणारं हवं. मच्छरदाणीचा तुकडा जाळीमुळे मोहात पाडतो, पण गडचिरोलीकडे मलेरियासाठी वाटलेल्या मच्छरदाण्यांना कीटकनाशक लावलेलं असतं. ती वापरू नका.

तपासा: कापडावरून अंगठा फिरवा. कुठेही सुरकुती किंवा पोकळी लागली तर सोडून पुन्हा बांधा. तिथून रंग पानाखाली शिरतो आणि नक्षीचा चट्टा होतो.

६. गार रंगात अंडी सोडा, मग गॅस किंवा चूल पेटवा. गरम पाण्यात गार अंडं टाकलं की तडकतं. उकळी फुटल्यावर जाळ कमी करून १२ ते १५ मिनिटं. खदखदू देऊ नका, अंडी एकमेकांवर आपटतात. उतरवून त्याच पाण्यात २० मिनिटं, मग बाहेर. आणखी गडद हवी असतील तर रंगाच्या पाण्यासकट गंज फ्रिजमध्ये, ओट्यावर नाही.

७. कापड मोठ्यांनी कापावं, पान पोरांनी सोलावं. गडद तांबड्यावर पांढरं पान निघतं. वाळलं की खायच्या तेलाचं बोट फिरवा, चकाकी येते. हा तेलाचा हात शेवटीच, आधी नाही.

मेणबत्तीने नाव लिहिण्याची हौस सगळ्यांना असते. गरम रंगात मेण वितळतं आणि नाव जातं. मेण फक्त गार रंगात चालतं. आधी साधं उकडलेलं अंडं निवू द्या, मेणबत्तीच्या टोकाने नाव लिहा, मग हळदीच्या गार, गाळलेल्या पाण्यात थोडं लिंबू पिळून अर्धा तास बुडवा. पिवळ्यावर पांढरं नाव येतं. बुडवण्याचा अर्धा तास वरच्या तासाच्या हिशोबात धरा. बीट मात्र विसरा. गुलाबी पाणी पाहून पोरं हट्ट धरतात, पण उकळलं की तो रंग मरतो आणि अंडं मळकट दिसतं.

ठेवायची अंडी: कच्च्या अंड्याला दोन्ही टोकांना दाभणाने भोक, खालचं थोडं मोठं. आत सुई फिरवून बलक फोडा. तोंडाने फुंकू नका, कच्च्या अंड्याचे जंतू पोटात जातात. सुई नसलेली सिरिंज वरच्या भोकाला टेकवून हवा सोडा, खालून सगळं वाटीत पडतं. ते लगेच चांगलं शिजवून खा. टरफल साबणाच्या पाण्याने आतून दोनदा खळबळून एक दिवस सावलीत उलटं ठेवा. पोकळ अंडं रंगात तरंगतं, म्हणून त्याला हळदीचं गार पाणी बोळ्याने लावा, कांद्याच्या रंगात चमच्याने दाबून धरावं लागतं.

रविवारी

उपासनेआधी वाटू नका, पहाटे अर्ध्या झोपेत पोरं अंड्यांवर बसतात. आधी कागदी अंडी शोधायला लावा, मग उकडलेली हातात द्या आणि तिथेच सोलून मीठ-तिखट लावून खाऊ द्या. लपवायची ती फक्त कागदी. उकडलेलं अंडं तुऱ्हाटीच्या (तुरीच्या वाळक्या काड्यांच्या) ढिगात लपवलं आणि सापडलं नाही, तर ते मंगळवारी कुत्र्याला सापडतं. वाटताना मोजा, परत आलेली मोजा. तासाभरात खाल्लं नाही आणि फ्रिजमध्येही गेलं नाही ते फेका.

टरफलातला गहू आठवडाभर हिरवा राहतो. पिवळा पडायला लागला की टरफलाला मुठीत जरासा दाब देऊन तडे पाडा आणि तसंच जमिनीत पुरा. जागा नसेल तर कोंबड्यांपुढे टाका, पाला आणि टरफल दोन्ही संपवतात.